मार्केट रिसर्चमध्ये यायचंय? आधी दारावरची बेल वाजवा

मला पहिलं काम मिळालं तेव्हा आत्यानं आईला फोन करून विचारलं होतं, "एवढी शिकली पोरगी, आणि आता दारोदार पावडर विकत हिंडणार का?" आत्याचं फारसं चुकलंही नव्हतं. त्या महिन्यात मी सांगलीच्या विश्रामबागेत खरंच दारोदार हिंडत होते आणि पिशवीत धुण्याच्या पावडरीची पांढरी, कोरी पाकिटं होती. काहींवर 'क' लिहिलेलं, काहींवर 'म'. विकायचं मात्र काही नव्हतं. हा आठवडा 'क' वापरा, पुढचा आठवडा 'म' वापरा, मग मी येऊन विचारते कोणती बरी वाटली, एवढंच काम. 'अ' आणि 'ब' का लिहीत नाहीत? 'अ' म्हटलं की तो पहिला नंबर, असं शाळेपासून आपल्या डोक्यात बसलेलं असतं. मग पावडर कशीही असो, 'अ' ला दोन मतं जास्त पडतात.

हे कळलं त्या दिवशी हा धंदा मला आवडला. आता ओळखीतल्या पोरापोरींचे फोन येतात, "ताई, मार्केट रिसर्चमध्ये यायचंय, कोणता कोर्स करू?" कोर्सचं पुढे सांगतेच, पण माझं उत्तर कोर्सपासून सुरू होत नाही.

१. आधी घराचा नकाशा बघा

कंपनीला काहीतरी कळत नसतं. नवा कांदा-लसूण मसाला आणावा का? पाकिटाचा रंग बदलला तर गिऱ्हाईक बावचळेल का? जाहिरात बघून लोकांना ब्रँड आठवतो, की जाहिरातीतलं कुत्रं तेवढं आठवतं? कंपनी हा प्रश्न एजन्सीकडे घेऊन येते, त्याला ब्रीफ म्हणतात. एजन्सीतला रिसर्च एक्झिक्युटिव्ह प्रस्ताव लिहितो: कोणाला विचारायचं, किती जणांना, कुठे, कसं, किती पैशात. पुढे प्रश्नावली बनते, तिची भाषांतरं होतात, टॅबवर चालण्यासाठी तिचं स्क्रिप्टिंग होतं, आठ-दहा जणांवर पायलट, म्हणजे प्रश्नावलीची चाचणी, होते आणि काम फील्डवर, म्हणजे प्रत्यक्ष घरोघर, जातं. फील्डहून आलेला माल तपासला जातो. लोकांनी आपल्या शब्दांत दिलेल्या उत्तरांना कोडर आकडे देतात, डीपी म्हणजे डेटा प्रोसेसिंगवाले तक्ते काढतात, आणि शेवटी तो एक्झिक्युटिव्ह रात्री दोन वाजता पॉवरपॉइंटमधले बार चार्ट सरळ करत बसतो.

या रांगेतली प्रत्येक जागा ही एक नोकरी आहे. फील्ड, स्क्रिप्टिंग, कोडिंग, डीपी, रिसर्च. मोठी फाळणी क्वांट आणि क्वाल यांच्यात: क्वांट म्हणजे 'किती', क्वाल म्हणजे 'का'. दुसरी फाळणी एजन्सी आणि क्लायंट यांच्यात. साबण, चॉकलेट, मोबाइल, बँक अशा कंपन्यांमध्ये 'कन्झ्युमर इनसाइट्स' नावाचा छोटा विभाग असतो. तिथले लोक एजन्सीकडून काम करून घेतात. पगार तिथे बरा असतो, पण नवख्याला थेट तिथे जागा क्वचितच मिळते. सुरुवात बहुतेकांची एजन्सीतच होते: निल्सनआयक्यू, कांतार, इप्सॉस, हंसा रिसर्च ही त्यातली ठळक नावं. मुंबई हा या धंद्याचा जुना अड्डा, तरी भारतातल्या या कामाचं एक मूळ बडोद्यात आहे. विक्रम साराभाईंनी १९६० मध्ये तिथे ऑपरेशन्स रिसर्च ग्रुप काढला. 'ओआरजी' म्हटलं की जुन्या दुकानदारांना आजही रिटेल ऑडिटवाला माणूस आठवतो, दर महिन्याला येऊन फळीवरचा माल मोजणारा.

२. निदान महिनाभर फील्ड करा

डिग्री कोणतीही असो, हे टाळू नका. कॉलेजच्या सुट्टीत करा, एखाद्या फील्ड एजन्सीकडे फॉर्ममागे मिळणाऱ्या पैशांवर करा, पण करा. अहवालातला प्रत्येक आकडा कुठल्या तरी उंबऱ्यावर तयार होतो. तो होताना एकदा बघितला की पुढे आयुष्यभर तक्ता वाचताना तुम्हाला घाम आणि कुत्री दिसतात.

यदृच्छ म्हणजे रँडम नमुन्याच्या कामात मनाला येईल ते घर घेता येत नाही. सुपरवायझर सुरुवातीचा पत्ता देतो, तिथून उजव्या हाताला वळत जायचं, एक मुलाखत झाली की ठरलेली घरं सोडून पुढचं दार. हा उजव्या हाताचा नियम. नव्या वसाहतीत तो सोपा जातो. जुन्या पेठेत किंवा गावठाणात तोंडाला फेस येतो, कारण वाडा म्हणजे एक घर धरायचं की सात, हे कुठल्याच सूचनापत्रात लिहिलेलं नसतं. घरात कोणाशी बोलायचं तेही नशिबावर सोडत नाहीत. पात्र माणसांची यादी करून किश ग्रिड नावाच्या तक्त्यावरून एक नाव काढायचं असतं. नाव नेमकं कॉलेजला गेलेल्या मुलाचं निघतं आणि समोर सासूबाई बोलायला एका पायावर तयार असतात. त्यांना गोड बोलून नाही म्हणायचं आणि मुलासाठी संध्याकाळी सातला परत यायचं. पुष्कळ कामांत मात्र नुसता कोटा असतो, म्हणजे इतक्या बायका, इतके पुरुष, अमुक वयाचे. तिथे हे सगळं सैल होतं, आणि गडबडीही तिथेच जास्त होतात.

सुरुवातीलाच विचारायचं असतं, "घरात कोणी जाहिरात, वृत्तपत्र-टीव्ही किंवा मार्केट रिसर्चमध्ये कामाला आहे का?" हो म्हटलं की आभार मानून बाहेर. माझ्या आईची मुलाखत त्यामुळे आता कोणी घेत नाही, आणि याचं तिला फार वाईट वाटतं.

मग येतो घराचा आर्थिक-सामाजिक वर्ग. २०११ पासून बरीच वर्षं एनसीसीएस ही पद्धत सगळीकडे चालली: घरातल्या मुख्य कमावत्या माणसाचं शिक्षण आणि अकरा गोष्टींपैकी घरात किती आहेत. वीज, पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, मोटार, एसी आणि शेतजमीन. यावरून 'ए१' पासून 'ई३' पर्यंत बारा वर्ग. पुढे वस्तू मोजण्यात अर्थ उरला नाही, कारण टीव्ही आणि पंखा घरोघर झाले. म्हणून आता आयएसईसी ही नवी पद्धत आली आहे. ती व्यवसाय आणि शिक्षण बघते, आणि त्यात घरातल्या सगळ्यात जास्त शिकलेल्या बाईचं शिक्षणही धरते. पद्धत कोणतीही असो, मुख्य कमावतं कोण हा प्रश्न सुटत नाही.

मिरजेतलं एक घर मला अजून आठवतं. मी विचारलं, "घरातले कर्ते कोण?" आजींनी पलंगाकडे बोट दाखवलं, "हे काय, आमचे हे." आजोबा सत्तरी ओलांडलेले, पेन्शन जेमतेम औषधापुरती. मी तसं लिहूनही घेतलं. पुढे बिलाचा प्रश्न आला तेव्हा आतून सून म्हणाली, "किराणा, लाईट, पोरांच्या फिया मी भरते. मी नर्स आहे." तेव्हा माझ्या लक्षात आलं की 'कर्ता' हा शब्दच चुकलाय. मराठी घरात कर्ता म्हणजे वडीलधारा माणूस. प्रश्नाला हवा असतो घरखर्चात सगळ्यात जास्त पैसे घालणारा. त्या दिवसापासून मी विचारते, "घरखर्चाला सगळ्यात जास्त पैसे कोणाचे लागतात?" त्या घराचा वर्ग एका शब्दानं दोन पायऱ्या वर सरकला. असे शंभर फॉर्म चुकले तर पुण्या-मुंबईत बसलेला कोणीतरी 'मिरजेत अमुक वर्ग मोठा आहे' असं छातीठोक सांगणार.

काही बारीकसारीक गोष्टी कोणी शिकवत नाही. दुपारी दोन ते चार बेल वाजवू नका. जिथे नळाला दिवसाआड पाणी येतं तिथे पाण्याची वेळ आधी कोपऱ्यावरच्या टपरीवर विचारून घ्या, त्या तासात कुठलीही बाई तुमच्याशी बोलणार नाही. पस्तिशीच्या बाईला 'काकू' म्हणालात तर मुलाखत तिथेच संपली समजा. 'ताई' सगळीकडे चालतं. टॉवरमध्ये वॉचमन वर सोडत नाही, म्हणून आधी सोसायटीच्या सेक्रेटरीला भेटा. श्रीमंत घरं मिळवणं गरिबांच्या घरांपेक्षा कितीतरी अवघड असतं आणि कोट्यातली शेवटची रिकामी जागा बहुतेक तीच असते.

रिकाम्या जागेवरूनच खोटे फॉर्म जन्माला येतात. संध्याकाळी आठ वाजलेत, तीन मुलाखती राहिल्यात, सुपरवायझर फोनवर ओरडतोय, अशा वेळी बसस्टॉपवर बसून फॉर्म भरायचा मोह होतो. आता टॅबमध्ये जीपीएस असतं, मध्येच आवाज रेकॉर्ड होतो, आणि काही घरांना बॅक-चेकचा, म्हणजे मुलाखत खरंच झाली का हे विचारणारा, फोन जातो. चाळीस मिनिटांची मुलाखत अकरा मिनिटांत उरकली असेल, किंवा वीस विधानांना ओळीनं 'सहमत' असेल, तर डीपीवाल्याला ते लगेच दिसतं. फॉर्म बाद होतो आणि तुमचं नाव कायमचं लक्षात राहतं.

३. डिग्री

फार विचार करू नका. क्वांटकडे जायचं असेल तर संख्याशास्त्र किंवा अर्थशास्त्र. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था, मुंबईत देवनारची आयआयपीएस ही लोकसंख्याशास्त्राची संस्था, कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था इथून आलेली मुलं चांगली तयार असतात. क्वालला मानसशास्त्र, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र. मराठी साहित्यात एम.ए. केलेली एक मुलगी मी पाहिलेल्या सगळ्यात चांगल्या मॉडरेटरपैकी, म्हणजे गटचर्चा चालवणाऱ्यांपैकी, आहे. मार्केटिंगमधलं एमबीए, किंवा अहमदाबादच्या मायकासारख्या संस्थेतलं शिक्षण, यांनी मोठ्या एजन्सीचं दार लवकर उघडतं, कारण त्या एजन्सी तिथल्या कॅम्पसवर भरतीला येतात. पण निव्वळ या धंद्यात शिरायला कर्ज काढून कुठलंही एमबीए करू नका. सुरुवातीचा पगार आयटीतल्या मित्राच्या पगाराशेजारी ठेवून बघाल तर कर्जाचे हप्ते घशाशी येतील.

४. शंभरातले किती, आणि कुठले शंभर

संख्याशास्त्राची भीती असेल तर एवढं आधी पक्कं करा. शंभर लोकांना विचारलं आणि पन्नास 'हो' म्हणाले, तर खरा आकडा चाळीस ते साठच्या दरम्यान कुठेही असू शकतो. चारशेंना विचारलं तर पंचेचाळीस ते पंचावन्न. हजारांना विचारलं तर साधारण सत्तेचाळीस ते त्रेपन्न. नमुना यदृच्छ असेल तर हे शंभरात पंच्याण्णव वेळा खरं ठरतं. चूक निम्मी करायची तर नमुना चौपट लागतो, आणि खर्चही जवळपास तेवढाच वाढतो, म्हणून क्लायंट कुरकुरतो. तोच क्लायंट महाराष्ट्रातल्या चारशे मुलाखतींचा अहवाल बघून विचारतो, "यातल्या नाशिकच्या पंचवीस ते चौतीस वयाच्या बायका काय म्हणतात?" तक्त्यात त्या बारा असतात. बारा बायकांचे टक्के काढायचे नाहीत, हे न घाबरता सांगता येणं हा तुमच्या पगाराचाच भाग आहे. टक्के आणि टक्केबिंदू यातला फरकही आत्ताच शिकून घ्या. २० चे २५ झाले तर वाढ पाच टक्केबिंदूंची, पण पंचवीस टक्क्यांची. यातला सोयीचा आकडा मथळ्यात टाकणारे लोक तुम्हाला रोज भेटतील.

आता कुठले शंभर? १९३६ साली अमेरिकेत लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकानं अध्यक्षपदाच्या निवडणुकीसाठी सुमारे एक कोटी मतपत्रिका पोस्टानं पाठवल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या आणि साप्ताहिकानं रूझवेल्टचे प्रतिस्पर्धी लँडन जिंकणार असं सांगितलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकून आले. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या यादीतून, मोटारमालकांच्या यादीतून आणि साप्ताहिकाच्या वर्गणीदारांतून, मंदीच्या काळात! शिवाय परत पाठवायचा उत्साह कोणाला होता, हाही प्रश्न होताच. जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलपनं त्याच्या तुलनेत मूठभर लोकांना विचारून बरोबर सांगितलं.

आपल्याकडचं उदाहरण मला याहून आवडतं. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे हे नमुना सर्वेक्षणातलं जगभर मानलं जाणारं नाव. शेतातलं पीक मोजायचं तर छोटासा तुकडा कापून वजन करतात. सुखात्म्यांचं म्हणणं होतं की तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न जास्त दिसतं, कारण कडेवरचं रोप आत धरायचं की बाहेर, हे ठरवताना मोजणाऱ्याचा हात नकळत ते आत ओढतो. तुकडा लहान, म्हणजे कड जास्त, म्हणजे चूक जास्त. हे मी नव्या इंटरव्ह्यूअरना नेहमी सांगते. त्यांच्याही हाताशी अशी कडेवरची रोपं असतात. "तसं महिन्यातून एकदा घेतो, पण गेल्या महिन्यात नाही घेतलं" म्हणणारा माणूस आत की बाहेर?

सरावाला फुकट माल भरपूर आहे. केंद्र सरकारच्या सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर घरखर्च सर्वेक्षणाचे घरवार आकडे नाव नोंदवून उतरवून घेता येतात. २०२३-२४ च्या फेरीत, मोफत मिळालेल्या वस्तू न धरता, माणशी दरमहा सरासरी खर्च ग्रामीण भारतात ४,१२२ रुपये आणि शहरी भारतात ६,९९६ रुपये निघाला. तो आकडा तुमच्या कॉम्प्युटरवर तुम्ही स्वतः काढून दाखवा. भारांक म्हणजे वेट (नमुन्यातलं एक घर प्रत्यक्षातल्या किती घरांच्या जागी आहे तो आकडा) न लावता काढलात तर चुकेल. का चुकला ते शोधताना जे शिकाल ते वर्गात दोन सत्रांत होत नाही.

५. प्रश्न लिहिणं, आणि त्याचं मराठी करणं

बहुतेक प्रश्नावल्या इंग्रजीत जन्मतात. त्यांचं मराठी दुसऱ्याच कोणाकडून, शब्दांच्या दरानं, एका रात्रीत होतं. 'काहीसे समाधानी' असं माणूस घरात कधी बोलतो का? 'आपण सदर उत्पादनाची शिफारस करण्याची कितपत शक्यता आहे?' या वाक्यावर इस्लामपूरच्या एका गृहस्थांनी मला विचारलं होतं, "शिफारसपत्र पाहिजे होय? मग आमदारांच्या ऑफिसात जावा." प्रश्न इतकाच होता: ओळखीच्यांना ही वस्तू घ्यायला सांगाल का?

एकदा बिस्किटांची चाचणी होती, तीन राज्यांत. दोन राज्यांत नव्या बिस्किटाला 'क्रिस्प' या गुणावर चांगले गुण पडले, महाराष्ट्रात ते आपटलं. क्लायंटच्या बैठकीत तर्क सुरू झाले: इथली चव वेगळी, इथे लोक चहात बुडवून खातात, वगैरे. मी मराठी प्रश्नावली उघडली. हिंदीत 'कुरकुरा' होतं, मराठीत भाषांतरकारानं 'खुसखुशीत' लिहिलं होतं. आता करंजी खुसखुशीत असते, शंकरपाळी खुसखुशीत असते. दाताखाली येताच जी विरघळल्यासारखी भुगा होते ती गोष्ट खुसखुशीत. कटकन मोडतं ते कुरकुरीत. बिस्कीट कटकन मोडणारं होतं, आणि लोकांनी आम्हाला अगदी खरं सांगितलं होतं की हे खुसखुशीत नाही. पन्नास घरांत योग्य शब्द घेऊन पुन्हा जावं लागलं.

तेव्हा प्रश्न लिहायला शिकताना असं करा. रोजच्या वापरातली एक वस्तू घ्या, समजा दूध, आणि दहा प्रश्न लिहा. मग ते मोठ्यानं वाचा. एका प्रश्नात दोन गोष्टी आल्यात का? 'चव आणि वास आवडला का' याचं उत्तर एकात हो आणि दुसऱ्यात नाही असू शकतं. उत्तर तुम्हीच सुचवताय का? मग आजीला, रिक्षावाल्या काकांना आणि शेजारच्या बारावीतल्या मुलाला विचारा. तिघांपैकी एकानंही "म्हणजे?" म्हटलं की प्रश्न चुकला, माणूस नव्हे. विकत घेण्याच्या इच्छेचं पाच पायऱ्यांचं माप सगळीकडे लागतं: नक्की घेईन, बहुतेक घेईन, सांगता येत नाही, बहुतेक घेणार नाही, नक्की घेणार नाही. आपल्या लोकांना समोरच्याचं मन मोडवत नाही, म्हणून 'बहुतेक घेईन' ला भरमसाट मतं पडतात. अनुभवी माणूस म्हणून 'नक्की घेईन' याच खान्याकडे आधी बघतो.

मोकळ्या प्रश्नाचं उत्तर जसंच्या तसं लिहा. बाई म्हणाली, "चहा पाणचट लागतो, रंग येतो पण दुधात मरतो." इंटरव्ह्यूअरनं लिहिलं, 'चव आवडली नाही.' कंपनीला कामाची होती ती नेमकी बाईची ओळ, आणि ती उंबऱ्यावरच राहिली. कोणी "बरं आहे" म्हणालं तर थांबा. कोल्हापूरकडे 'बरं हाय की' हे कौतुकही असतं आणि वाटेला लावणंही. "बरं म्हणजे कसं?" असं विचारून गप्प बसा.

६. क्वाल: गप्प बसण्याचा पगार

फोकस ग्रुप म्हणजे एकमेकांना अनोळखी अशा सहा-आठ बायका किंवा पुरुष, दीड-दोन तास, समोसे आणि चहा. आरशामागे किंवा पडद्यावर क्लायंट बघत असतो आणि त्याच्या कानात कोणीतरी मराठीचं इंग्रजी करून सांगत असतं. हे दुभाषाचं काम नवख्याला सहज मिळतं, शिवाय चांगल्या मॉडरेटरला जवळून बघायला मिळतं. नंतर तेच रेकॉर्डिंग ऐकून शब्दशः लिहून काढायचं कामही मागून घ्या, आणि पुढे स्वतः मॉडरेट कराल तेव्हा स्वतःचंही. कंटाळवाणं आहे, पण आपलं बोलणं कानानं ऐकल्यावर कळतं की आपण समोरच्याचं वाक्य किती वेळा तोडतो. मी माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगवर स्वतःच बडबडत होते, बायका हुंकार देत होत्या.

भरती करणाऱ्यांवर विसंबू नका. त्यांच्याकडे ठरावीक बायकांचा संच असतो, आज शांपूला, परवा विम्याला. गेल्या सहा महिन्यांत अशा बैठकीला आला होता का, या प्रश्नाला सगळ्या निरागसपणे 'नाही' म्हणतात. ठाण्यात एकदा मी म्हटलं, "आता एक गंमत करूया, डोळे मिटा," तर कोपऱ्यातल्या ताई डोळे न मिटताच म्हणाल्या, "ब्रँड प्राणी असता तर कुठला, तेच ना? मी गेल्या वेळी हत्ती सांगितला होता."

वऱ्हाडी, मालवणी, मराठवाडी कानाला कळणारे मॉडरेटर कमी आहेत. पुण्याच्या प्रमाण मराठीत बोलणाऱ्या मॉडरेटरपुढे यवतमाळचा शेतकरी कीटकनाशकाबद्दल परीक्षेला बसल्यासारखी उत्तरं देतो. तुमची बोली शाबूत असेल तर ती घासून पुसून टाकू नका, तिच्यावर काम मिळतं.

७. साधनं

एक्सेल, त्यातही पिव्हट टेबल, डोळे झाकून यायला हवं. एसपीएसएस हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर थोडं, आणि जमलं तर आर किंवा पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषा. पॉवरपॉइंटच्या एका पानावर एकच गोष्ट सांगता येणं. मोकळ्या उत्तरांचं कोडिंग आता एआय झपाट्यानं करतं आणि बऱ्यापैकी करतं, त्यामुळे निव्वळ कोडिंगवर करिअर उभं करू नका. खऱ्या माणसांऐवजी एआयनं बनवलेल्या 'कृत्रिम' उत्तरदात्यांना प्रश्न विचारायची टूमही निघाली आहे. प्रश्नावलीची रंगीत तालीम म्हणून ठीक. मिरजेच्या त्या सुनेसारखं आतून कोणी बोलेल याचा मला भरवसा नाही.

८. काय करायचं नाही

सर्वेक्षणाच्या नावाखाली काही विकायचं नाही, आणि मिळालेला फोन नंबर विक्रीवाल्याला द्यायचा नाही. एसोमार या जागतिक संघटनेची आचारसंहिता १९४८ पासून आहे, आपल्याकडे १९८८ मध्ये स्थापन झालेली मार्केट रिसर्च सोसायटी ऑफ इंडिया आहे. दोन्हीकडचे नियम एकदा नीट वाचा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर संमती हा कागदापुरता सोपस्कार उरलेला नाही. अठरा वर्षांखालचं कोणीही या कायद्यात बालक आहे, त्यामुळे चॉकलेटच्या चाचणीसाठी शाळेबाहेर पोरं गाठायचे दिवस गेले. ओळखपत्र गळ्यात ठेवा, किती वेळ लागेल ते खरं सांगा. "पाचच मिनिटं" म्हणून पाऊण तास बसणाऱ्या इंटरव्ह्यूअरमुळे त्या गल्लीत पुढच्या वर्षी कोणी दार उघडत नाही.

९. पहिली नोकरी

अर्जासोबत प्रमाणपत्रांची चळत पाठवण्यापेक्षा स्वतः केलेला एक छोटा अभ्यास पाठवा. तुमच्या गल्लीतली तीस घरं वाढदिवसाचा केक कुठून आणतात, एवढासा विषय पुरे. प्रश्नावली, घरं कशी निवडली, किती जणांनी नकार दिला, चार तक्ते आणि दोन पानांचा निष्कर्ष. नकारांचा आकडा लपवू नका. मी मुलाखती घेते तेव्हा तोच आधी शोधते. तीसपैकी तीस घरं बोलली असं लिहिणाऱ्याला मी फारसं पुढे विचारत नाही.

पदांची शिडी साधारण अशी: रिसर्च एक्झिक्युटिव्ह, सीनियर, मॅनेजर, मग डायरेक्टर. फील्डमध्ये इंटरव्ह्यूअर, सुपरवायझर, फील्ड मॅनेजर. फील्डमधून रिसर्चमध्ये जाणं अवघड आहे पण अशक्य नाही. इंग्रजी लिहिणं आणि तक्ते वाचणं या दोन गोष्टी आडव्या येतात. साबण-शांपूचा कंटाळा आला तर सामाजिक संशोधनाचं मोठं क्षेत्र आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणासारखं काम, जे देवनारच्या आयआयपीएसकडून होतं, त्यात हीच कौशल्यं लागतात.

पैशांचं मात्र आधी बोलून घ्या. पहिल्या वर्षी एका फील्ड एजन्सीनं माझे नऊ फॉर्म 'बॅक-चेकमध्ये नापास' म्हणून कापले. कोणते नऊ, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. प्रवासाचे पैसे दोन महिन्यांनी आले, तेही अर्धे. तेव्हापासून माझी एक वही असते: तारीख, भाग, फॉर्म नंबर, सुरू कधी, संपला कधी. उत्तरदात्याचं नाव त्यात लिहायचं नाही. फॉर्ममागे किती, प्रवासखर्च वेगळा की त्यातच, बाद फॉर्मचा निर्णय कोण घेणार आणि कारण लेखी मिळणार का, पैसे किती दिवसांत, हे काम सुरू व्हायच्या आत व्हॉट्सॲपवर तरी लिहून घ्या.

एजन्सीतल्या मुलाखतीच्या शेवटी "तुमचे काही प्रश्न?" असं विचारतात. तेव्हा एकच विचारा: प्रश्नावलीच्या पायलटला तुमच्याकडे कोण जातं? "प्रश्न लिहिणाराच जातो" असं उत्तर आलं तर पगार थोडा कमी असला तरी तिथे जा. "ते फील्डवाले बघतात" म्हणाले आणि दुसरी नोकरी हातात नसेल, तर तीही घ्या. फक्त पहिल्या पायलटच्या दिवशी सकाळी फील्डवाल्यांच्या गाडीत जाऊन बसा, टोपी आणि पाण्याची बाटली घेऊन.